स्मरणार्थ देणगी आणि मेंदूच्या गाठींवरील संशोधन

देहूरोड येथील एका कुटुंबाने काही महिन्यांपूर्वी आमच्यापुढे एक प्रश्न मांडला. घरातील तरुण मुलगा मेंदूतील गाठीच्या विकाराने देवाघरी गेला होता आणि वर्षस्मरणाची मिस्सा जवळ आली होती. त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च वाचवून, तसेच वडिलांच्या डेपोतील सहकाऱ्यांनी जमवलेली रक्कम त्यात घालून, ती या रोगावरील संशोधनास द्यावी, अशी आईची इच्छा होती. काकांच्या मते मुलाच्या नावाने स्वतंत्र ट्रस्ट काढणे उचित होते. एकूण रक्कम लाखाच्या आत होती. "फादर, एवढ्याशा पैशाने संशोधन होते का?" असा आईचा सरळ प्रश्न होता. त्याचे उत्तर आम्हांस लगेच देता आले नाही. नंतर जी माहिती मिळवली, ती इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

आपल्या महाराष्ट्रात या मार्गाची वाट फार पूर्वी पडली आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्या काळी या रोगावर उपाय असा नव्हताच. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचेही निधन झाले. या ट्रस्टच्या पैशातून रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना आजवर साहाय्य मिळत आले आहे. पुढे टाटांच्याच धर्मादाय निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. मावळातील किती तरी रुग्ण आज लोकल आणि एक्स्प्रेस बदलत तेथे पोहोचतात. (रुग्णालयासमोरील रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. गोव्याचे हे ख्रिस्ती शल्यविशारद याच रुग्णालयात आयुष्यभर झिजले. तेथून जाताना पाटी जरूर वाचावी.)

टाटांची संपत्ती सर्वांपाशी नसते, हे खरे. परंतु त्यांच्या दानातील एक गोष्ट कोणासही अनुसरता येईल: पत्नीला वाचवू न शकलेल्या रोगाचेच मूळ शोधण्यास त्यांनी पैसा दिला, आणि निकाल आपल्या हयातीत दिसावा अशी अट घातली नाही.

मेंदूच्या गाठींबाबत हा धीर अधिकच लागतो. या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. कवटी बंद पेटीसारखी असल्याने कर्करोग नसलेली गाठही वाढता वाढता मेंदूवर दाब आणते. रक्तातील अपायकारक द्रव्ये मेंदूत शिरू नयेत म्हणून निसर्गाने जी चाळण घातली आहे, तीच अनेक औषधांनाही अडवते. ग्लायोब्लास्टोमा हा यांतील अत्यंत आक्रमक प्रकार. किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यास काय फरक पडतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. रुग्णांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने! वाचून मन खट्टू होते. पण दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाणही शंभरात सुमारे १० वरून २६ वर गेले, हे त्याच अभ्यासात नोंदले आहे.

दुसरे उदाहरण परळचेच आहे. डॉ. राकेश जलाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयात २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांचा अभ्यास केला. प्रश्न असा होता की, बोलीत ज्याला 'शेक देणे' म्हणतात ते किरणोपचार गाठीपुरते अचूक रोखले, तर मुलांची बुद्धी आणि शरीराची वाढ अधिक सुरक्षित राहील काय? २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अंतःस्रावी ग्रंथींचे नवे बिघाड जुन्या पद्धतीत पाच वर्षांत ५१ टक्के, तर नव्या पद्धतीत ३१ टक्के आढळले. बुद्धिमापनातही नव्या पद्धतीची मुले सरस ठरली आणि रोग आटोक्यात ठेवण्यात ती पद्धत उणी पडली नाही. एका प्रश्नाच्या उत्तरास सोळा वर्षे लागली. त्या काळात रुग्णांना पुनःपुन्हा बोलावून तपासण्याचा खर्च कोणीतरी सोसलाच असणार.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. केंद्र सरकारने २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये केली. म्हणजे या कुटुंबाची रक्कम एका संशोधकाच्या दोनेक महिन्यांच्या कामाइतकी. ती एकटी ठेवली तर व्याजातून काहीच निष्पन्न होणार नाही. इतरांच्या रकमांत मिसळली तर होईल. इंग्लंडमध्ये सामंथा डिक्सन ही १६ वर्षांची मुलगी १९९६ साली या रोगाने गेली, तेव्हा तिच्या आईवडिलांनी पुढील वर्षी संशोधन निधी उभारला. हा निधी नंतर इतर संस्थांत विलीन झाला आणि त्यातून ब्रेन ट्यूमर चॅरिटी ही मोठी संस्था आकारास आली. आज तेथे अनेक कुटुंबे आपल्या माणसाच्या नावाने पैसे जमवतात, पण ते एकाच संस्थेत जातात. स्वतंत्र ट्रस्टबाबत आमचे मत म्हणूनच प्रतिकूल आहे. नोंदणी आणि दरवर्षीचे हिशेब यांतच लहान निधी आटून जातो.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. संस्थेच्या नोंदणीकृत खात्यावर थेट रक्कम भरावी व पावती घ्यावी. लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी मिळवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबतच्या पत्रात 'मेंदूच्या गाठींवरील संशोधनासाठी' असे स्पष्ट लिहावे. तसे न लिहिल्यास रक्कम गरीब रुग्णांच्या उपचारनिधीत जाऊ शकते. तेही पुण्यकर्मच आहे, किंबहुना कित्येकांना तेच अधिक निकडीचे वाटेल. पण निवड दात्याने जाणून केलेली बरी. आणखी एक दान पैशाविना होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा अंश अभ्यासासाठी जतन करण्यास रुग्ण लेखी संमती देऊ शकतो. अशा नमुन्यांची पेढी टाटा रुग्णालयात आहे.

देहूरोडच्या त्या घरी ट्रस्टचा विचार अखेर मागे पडला. पत्र आईने स्वतः लिहिले आणि त्यात मुलाचे नाव घातले. पुढील वर्षीही मिस्सेच्या आठवड्यात त्याच खात्यावर रक्कम पाठवायची, असे काकांनीच ठरवले आहे.