‘वाढत्या मापाचं’ इथे चालत नाही!

मालवण-तारकर्लीची ट्रिप ठरली की ग्रुपवर सगळ्याची चर्चा होते. गाडी कोणती, कॅमेरा कुणाचा, मासे कुठे खायचे. पाण्याखाली अंगात काय घालायचं, हे मात्र किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत कुणालाच सुचत नाही. तिथे सुटांच्या ढिगासमोर उभं राहण्याआधी हे वाचून घ्या.

सोलापूरकरांना कपड्याचं माप काय शिकवायचं? अख्ख्या देशाच्या शाळांसाठी युनिफॉर्म शिवणारं आपलं शहर. आणि युनिफॉर्म घेताना प्रत्येक आईचं एक वाक्य ठरलेलं, ‘जरा वाढत्या मापाचा द्या.’ शर्ट सैल असला तर बिघडत नाही, वर्षभरात अंगात बसतो. वेटसूटच्या बाबतीत नेमकी हीच सवय अंगाशी येते.

आधी एक साधा प्रश्न

मालवणचं पाणी तर कोमट असतं. डायव्हिंगच्या सीझनमध्ये, म्हणजे पावसाळा सोडून साधारण ऑक्टोबर ते मे, ते २६ ते २९ अंशांच्या आसपास राहतं. मग सूट कशाला? सोलापुरात २८ अंश म्हणजे आपल्याला गारवाच वाटतो! पण हवेतले २८ अंश आणि पाण्यातले २८ अंश यांत फार फरक आहे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने ओढून घेतं. त्यामुळे शरीर ३७ अंशांवर ठेवायची धडपड सुरू होते आणि थोड्याच वेळात हुडहुडी भरते.

इथे नियोप्रिन कामाला येतं. हे कृत्रिम रबर अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत १९३० साली तयार झालं. सुटासाठी जे नियोप्रिन वापरतात, त्यात वायूचे बारीक बारीक बुडबुडे अडकवलेले असतात आणि ऊब टिकते ती त्यांच्यामुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने एक गोष्ट ओळखली. पाणबुड्याला कोरडं ठेवायची गरजच नाही. सुटाच्या आत पाण्याचा पातळ थर शिरला तरी चालेल. तो अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि तिथेच थांबला, तर थंडी वाजत नाही.

आता ‘तिथेच थांबला तर’ हे शब्द पुन्हा वाचा. सूट सैल असेल तर हे पाणी थांबत नाही. प्रत्येक हालचालीला गरम झालेलं पाणी बाहेर आणि नवं गार पाणी आत. मग सूट नुसता फोटोपुरता उरतो.

लाज सोडा, साइज सांगा

चुकीचा सूट निवडला जातो तो बहुतेकदा ज्ञान कमी पडलं म्हणून नाही, तर लाजेपोटी. सगळ्यांसमोर ‘डबल एक्सएल आहे का?’ विचारायला जीवावर येतं. मग कुणी पोट आत ओढून लहान सूट चढवतो. कुणाला अंगासरशी कपडा नको वाटतो, ती मुद्दाम मोठा मागून घेते. दोन्हीकडे त्रास आहे, पण सारखा नाही.

सैल सूट घालून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उतरलात, तर फार तर कुडकुडाल. घट्ट सुटाचं तसं नाही. छातीवर आवळलेल्या सुटात पूर्ण श्वास घेता येत नाही. पहिल्यांदाच पाण्याखाली तोंडाने श्वास घेणाऱ्याला ‘गुदमरतंय’ असं वाटायला एवढं पुरेसं आहे आणि घाबरणं ही पाण्याखाली सगळ्यात वाईट गोष्ट. गळा फार घट्ट असेल, तर मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन नाडीचे ठोके मंदावू शकतात, गरगरू शकतं. म्हणून गळा आणि छाती या दोन ठिकाणी तडजोड नाही. पैसे भरलेत, बोट निघाली, सगळे थांबलेत, काहीही असो. सूट बदलून मागा.

पाच मिनिटांची तपासणी

घालताना: चेन पाठीमागे येते, पुढे नाही! बसून घाला आणि पायांपासून सुरुवात करा. पाय अडकत असेल तर पावलाला प्लॅस्टिकची पिशवी लावा, सर्रकन आत जातो. नखांनी ओढू नका, नियोप्रिन फाटतं. बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडं थोडं वर सरकवा. आत पोहण्याचा पातळ, अंगासरशी टी-शर्ट असावा. भाड्याच्या सुटात तो स्वच्छतेसाठीही बरा आणि त्वचेला काचतही नाही.

घातल्यावर: पाठीचा कमरेजवळचा खोलगट भाग, काखा, जांघ आणि गुडघ्यांच्या मागे हात फिरवून बघा. पोकळी किंवा ढिल्या घड्या असतील तर तिथे पाणी साठणार. मग दोन्ही हात वर करा, उकिडवे बसा, छाती भरून श्वास घ्या, आवंढा गिळा. हे सगळं सहज जमलं तर सूट तुमचा. जमिनीवर तो थोडा जास्तच घट्ट वाटेल. काळजी नको, भिजल्यावर सैलावतो.

पायांकडेही बघा

दगडांना चिकटलेले धारदार शिंपले, प्रवाळ, काटेरी सागरी प्राणी आणि बोटीची ओली फळी हे सगळं आधी पायांना भेटतं. त्यासाठी नियोप्रिनच्या बूटीज असतात. एका दिवसाच्या अनुभवात अनेकदा त्या मिळत नाहीत. कोर्स करणाऱ्यांना मात्र त्या लागतातच, कारण मागे पट्टा असलेले फिन्स बूटीजवरच चढवतात.

त्यांचीही परीक्षा सोपी आहे. टाच वर उचलली जाता कामा नये. बोटं पुढे हलकी टेकावीत, पण दुमडू नयेत. सैल बूटीत वाळू शिरते, फोड येतात. घट्ट बूटीने पाय बधिर होतो आणि पाण्यात गोळा येतो. फिन्स विकत घ्यायला जाताना बूटीज सोबत न्या आणि दोन्ही एकत्र घालून बघा. सुटाचा पाय बूटीच्या वरून घ्यायचा, आत खोचायचा नाही.

शिवून घ्यायचा का?

एका ट्रिपसाठी अजिबात नाही. पण आपल्यातले काही जण याकडे करिअर म्हणून बघताहेत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे किंवा दुसरीकडे कोर्स करून पुढे गाईड व्हायचं, तर रोज पाण्यात उतरावं लागतं. उंच-सडपातळ किंवा बुटक्या-रुंद बांध्याला तयार साइज अनेकदा बसत नाहीत. मग मापाने बनवलेला सूट परवडतो.

माप आपल्या टेलरच्या मापासारखं नसतं. टेलर अंगाच्या मापावर थोडं लूझ धरतो, वेटसूट उलट अंगापेक्षा किंचित लहान कापतात. त्यामुळे जीन्सवरून टेप लावून चालत नाही. पातळ कपड्यात, दुसऱ्याकडून, टेप न आवळता आणि पोट आत न ओढता माप घ्या. गळा, छाती, कंबर, नितंब, मांडी, पोटरी, घोटा, दंड, मनगट, शिवाय खांद्यापासून जांघेतून परत खांद्यापर्यंत. प्रत्येक माप दोनदा. आपल्या पाण्याला ३ मिलिमीटर जाडी बहुतेकांना पुरते. खोल आणि वारंवार जाणाऱ्याने जाड सुटाचा विचार करावा, कारण १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि सुटाची ऊब कमी होते. पण जाड सूट जास्त तरंगतो, म्हणजे कमरेला शिसंही जास्त.

आणि घरी आणल्यावर? गोड्या पाण्यात बुचकळा, पिळू नका, उलटा करून सावलीत वाळवा. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर टाकलात, तर रबर लवकरच कडक होऊन तडकेल!

बुकिंगच्या आधीच विचारा

पुढच्या ट्रिपला ॲडव्हान्स पाठवण्याआधी फोनवर फक्त तीन प्रश्न विचारा. सूट कोणकोणत्या साइजमध्ये आहेत? मुलींसाठी वेगळ्या कटचे आहेत का? बूटीज मिळतील का? ग्रुपमधल्या प्रत्येकाची उंची आणि वजन आधीच कळवा. ही यादी करणाऱ्याने एक पथ्य पाळायचं, वजनांवरून ग्रुपवर एकही जोक नाही. कारण कुणी लाजून पाच किलो कमी सांगितले, तर पाण्याखाली तो घट्ट गळा त्याच्याच मानेभोवती असणार आहे.