'फायर' म्हणजे नेमकं काय? आग, गोळीबार, गेलेली नोकरी की भारी रील?

समजा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री मेसेज पडला: "तीन नंबर शेडमध्ये फायर." एकाला वाटेल, आग लागली. दुसऱ्याला वाटेल, कंत्राटी पोरांना काढलं. तिसरा विचारेल, "मॉक ड्रिल आहे का?" चौथा नुसता आगीचा इमोजी टाकून मोकळा होईल.

शब्द एकच, अर्थ अनेक. हे अर्थ आले कुठून आणि घोळ कुठे महागात पडतो, ते पाहू.

मुळात हा शब्द कुठला?

'फायर' हा जुन्या इंग्रजीतला शब्द आहे. त्याचं नातं ग्रीक भाषेतल्या 'पीर' या आगीच्या शब्दाशी आहे. आग लावण्याचं वेड म्हणजे 'पायरोमेनिया', हा शब्द त्याच ग्रीक शब्दापासून बनला. आपली 'आग' मात्र संस्कृत 'अग्नी'पासून, प्राकृत 'अग्गि'मार्गे आली. या अग्नीचा लॅटिनमधला भाऊबंद म्हणजे 'इग्निस', आणि त्यावरून आलं 'इग्निशन'. म्हणजे गाडीची चावी फिरवताना आपण अग्नीच्याच नातलगाचं नाव घेत असतो.

गोळी 'फायर' का होते?

सुरुवातीच्या बंदुकांना आणि तोफांना खरोखर बत्ती द्यावी लागायची. दारूला आग लावली की बार उडायचा. पुढे बत्ती गेली, घोडा आला, पण शब्द तोच राहिला. मराठीतही तोफ 'डागतात', आणि डागणं म्हणजे मुळात चटका देणं.

मग नोकरीवरून 'फायर' कसं करतात?

इंग्रजीत 'डिस्चार्ज' या शब्दाचे दोन अर्थ होतात: बंदुकीचा बार काढणं आणि माणसाला कामावरून मोकळं करणं. 19व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेत या दोन अर्थांवरून कोटी झाली आणि कामावरून काढणं म्हणजे 'फायर' करणं हा वापर रुळला, असं मानलं जातं.

पण गंमत इथे संपते. कारण आपल्या कामगार कायद्यात कुणी नुसतं 'फायर' होत नाही. तिथे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे हक्क वेगळे.

- ले-ऑफ: कच्चा माल, वीज किंवा यंत्र बंद पडल्याने तात्पुरतं काम न देणं. यात नोकरी जात नाही. आयटी कंपन्यांच्या बातम्यांत 'ले-ऑफ' म्हणजे कायमचं काढणं असतं, कायद्यात तसं नाही.
- छाटणी: कामगाराची काही चूक नसताना कमी करणं. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागायची. 2020च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा हिशेब कायम आहे.
- बडतर्फी: गैरवर्तनाच्या आरोपावरून काढणं. यात आरोप सांगून, चौकशी करून बाजू मांडायची संधी देणं अपेक्षित असतं.

त्यामुळे "तुला फायर केलं" असं तोंडी ऐकून घरी परतण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: नेमकं काय केलं, आणि ते कागदावर कुठे आहे?

कमेंटमधलं 'फायर' काय असतं?

इथे 'फायर' म्हणजे कौतुक. आगीचा इमोजी 2010 साली युनिकोडच्या यादीत आला आणि रीलखाली भारी, कडक असं म्हणण्याची ती खूण झाली. मराठी कमेंटमध्ये याच भावनेला "जाळ अन् धूर" म्हणतात.

शिवाय 'फायर' हे एक लघुरूपही आहे: फायनान्शिअल इंडिपेंडन्स, रिटायर अर्ली. म्हणजे भरपूर बचत आणि गुंतवणूक करून लवकर निवृत्त होणं. एका 'फायर'मध्ये नोकरी जाते, दुसऱ्यात माणूस ती स्वतः सोडतो!

घोळ कुठे चालत नाही?

जिथे खरी आग लागते तिथे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि स्फोटकंही. आग विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाच्या 66 जवानांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. अलीकडे, 1 जानेवारी 2023 रोजी नाशिक जिल्ह्यातच इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावच्या कारखान्यात स्फोट होऊन आग भडकली आणि कामगारांचे बळी गेले.

काय जळतंय, यावर आग कशी विझवायची ते ठरतं. लाकूड, कागद, कापड ही 'ए' वर्गातली आग. तेल, रंग, थिनरची आग 'बी' वर्गातली, गॅसची 'सी', तर मॅग्नेशियमसारख्या धातूंची 'डी'. लाल सिलिंडरवरची अक्षरं हेच सांगतात. पेटत्या तेलावर पाणी मारलं तर आग आणखी पसरते. वीज चालू असलेल्या पॅनलवर मारलं तर शॉक बसू शकतो.

महाराष्ट्रात 2006च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. ती चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावा लागतो. आपल्या शेडचा दाखला दिला आहे का, हे कामगारानेही विचारायला हरकत नाही.

आणि 101 किंवा 112 वर फोन लावला तर तीन गोष्टी आधी सांगा: कुठे, काय जळतंय, आत कोणी अडकलंय का.

म्हणून ग्रुपवरचा तो मेसेज असा हवा: "तीन नंबर शेडला आग. थिनरचे ड्रम आहेत. पाणी मारू नका, बाहेर पडा." रीलखाली खुशाल 'फायर' लिहा. शेड पेटली असेल, तर 'आग' लिहा.