शिरढोणच्या पावसातले बेडूक आणि शाळेचा विज्ञान प्रकल्प

बेडकाची वाढ हा शाळकरी मुलांच्या विज्ञान प्रकल्पासाठी फार चांगला विषय आहे. अंडे, माशासारखे शेपटीचे पिल्लू आणि शेवटी चार पायांवर उड्या मारणारा प्राणी, हा सगळा प्रवास साधारण महिना-दीड महिन्यात डोळ्यांदेखत पूर्ण होतो. कोकणात मात्र त्याचा हंगाम एकच, पावसाळा. पनवेल तालुक्यातले शिरढोण त्यासाठी सोयीचे आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव मुंबई-गोवा महामार्गावर असून कर्नाळ्याचा डोंगर तिथून जवळ आहे. भातखाचरे, ओहोळ, विहिरी आणि पावसात भरणारी डबकी, म्हणजे बेडकाला लागणारे सारे काही या भागात आहे.

उन्हाळाभर जमिनीत किंवा दगडांखाली दडून बसलेले बेडूक जूनमधल्या पहिल्या जोरदार सरींबरोबर बाहेर येतात. सर्वांत आधी लक्ष वेधतो तो बैल बेडूक. एरवी तो हिरवट-तपकिरी असतो, पण विणीच्या दिवसांत नर पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. रात्रीच्या पावसानंतर तुंबलेल्या पाण्यात हे नर एकमेकांना ढकलत मोठ्याने ओरडत असतात. हा सोहळा थोडक्यात आटोपतो, त्यामुळे पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहायला गेलेले बरे. खरखरीत, चामखिळी कातडीचा भेक घराच्या पायरीपाशी, दिव्याखाली किडे टिपताना दिसतो. भिंतीला किंवा केळीच्या पानाला चिकटून बसणाऱ्या झाडबेडकाच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात.

अंड्यांवरूनही यांतला फरक कळतो. भेकाची अंडी पारदर्शक चिकट दोऱ्यात ओळीने ओवलेली काळी दाणेदार दिसतात आणि हा दोरा पाणवनस्पतींना गुंडाळलेला असतो. झाडबेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा सिमेंटच्या हौदाच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या फेसाचे घरटे करते. पिल्ले तयार झाली की फेस विरघळतो आणि ती खालच्या पाण्यात पडतात.

आता प्रश्न येतो तो बेडूक आणायचे कुठून, याचा. बहुतेक मुलांच्या मनात आधी येते ते जाळीने पकडून बरणीत भरणे. ते करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येत उभयचर येतात, त्यांची पिल्ले आणि अंडीही येतात, आणि बैल बेडकाला या कायद्याचे संरक्षण आहे. गोव्यात पावसाळ्यात मांसासाठी होणारी त्याची शिकार याच कायद्याने गुन्हा ठरते. बेडकाच्या तंगड्यांची परदेशी निर्यात भारताने १९८७ मध्येच बंद केली. डबक्यात वळवळणारे काळे पिल्लू बैल बेडकाचे आहे की भेकाचे, हे जाणकारालाही चटकन सांगता येत नाही, मग पाचवी-सहावीतल्या मुलाला कसे सांगता येणार? कर्नाळा अभयारण्याच्या हद्दीतून तर काहीच उचलता येत नाही. शंका असेल तर शिक्षकांनी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे पाणी ठेवायचे आणि बेडकांना येऊ द्यायचे. मेअखेरीस परसात, झाडाच्या सावलीत एक पसरट टब किंवा जुने घमेले जमिनीत काठापर्यंत पुरावे. तळाशी थोडी माती आणि दगड घालावेत, एका बाजूला पाण्याबाहेर डोके काढणारी विटांची उतरण करावी आणि टब पावसाच्या पाण्याने भरू द्यावा. नळाचे पाणी घालायची वेळ आलीच तर ते दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे, कारण त्यातला क्लोरीन बेडकांच्या पिल्लांना सोसत नाही. जवळपास विणीचे बेडूक असतील तर असे पाणी त्यांना सापडते. शाळेत वापरात नसलेला उघडा हौद असेल तर तोही चालतो.

या पाण्यात दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. पहिली म्हणजे डास. बेडकांची पिल्ले (टॅडपोल) डासांच्या अळ्या संपवतील या भरवशावर राहू नये. रोज सकाळी चहाच्या गाळणीने अळ्या काढून कोरड्या जमिनीवर टाकाव्यात. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याचा सल्ला एरवी योग्य असला, तरी या टबात ते सोडू नयेत, कारण गप्पी बेडकांची अंडी आणि लहान पिल्ले खातात. दुसरी गोष्ट खाण्याची. टॅडपोल, म्हणजे मराठी विश्वकोशातला भैकेर, सुरुवातीला मुख्यतः शेवाळ खरवडून खातो. टबात शेवाळ कमी असेल तर उकडून मऊ केलेले पालकाचे एखादे पान पुरते. उरलेले पान दुसऱ्या दिवशी काढले नाही तर पाणी कुजते आणि पिल्ले मरतात. भात, पोळी, बिस्किटे टाकणे हा प्रेमाने केलेला घातच ठरतो.

निरीक्षण कसे करायचे ते आता पाहू. पांढऱ्या बशीत पाणी घेऊन एक पिल्लू चमच्याने अलगद त्यात घ्यावे, बशीशेजारी मोजपट्टी ठेवून वरून फोटो काढावा आणि लगेच ते परत सोडावे. काचेच्या भांड्यात घेऊन खालून पाहिले तर पोटाच्या पातळ कातडीतून घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले लांब आतडे दिसते. शेवाळ पचवायला एवढी लांबी लागते. पुढे हाच प्राणी किडे खाणारा होतो, तेव्हा आतडे आखूड होते, तोंड रुंदावते, कल्ले जाऊन फुप्फुसे काम करू लागतात. मागचे पाय आधी दिसतात, पुढचे नंतर बाहेर येतात. त्यानंतर काही दिवस पिल्लू जवळपास काहीच खात नाही, आक्रसत जाणाऱ्या शेपटीतूनच त्याला पोषण मिळते. हा सारा बदल गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे होतो. १९१२ मध्ये गुडर्नाच या शास्त्रज्ञाने टॅडपोलना थायरॉईड ग्रंथी खायला घातली, तेव्हा ती पिल्ले वेळेआधीच बेडूक झाली, पण आकाराने चिमुकली राहिली.

पुढचे पाय फुटले की विटांची उतरण उपयोगी पडते. बाहेर यायला जागा नसेल तर नवखी पिल्ले पाण्यात बुडून मरतात. या टप्प्यानंतर त्यांना घरात ठेवण्याचा हट्ट धरू नये. बेडूक हलणारे भक्ष्यच टिपतो, आणि नखाएवढ्या बेडकाला रोज पुरतील इतके बारीक जिवंत किडे घरात मिळत नाहीत. त्यांना आपल्या वाटेने जाऊ द्यावे. एका ठिकाणचे बेडूक दुसऱ्या गावी नेऊन सोडणेही चुकीचे आहे, त्यातून रोग पसरतात. आपला बैल बेडूक अंदमानात माणसामार्फत पोचला आणि आता तिथल्या मूळ प्राण्यांना त्रासदायक ठरला आहे. दुकानातून आणलेले परदेशी बेडूक ओढ्यात सोडणे तर त्याहून धोक्याचे.

बेडूक हाताळायचाच झाला तर हातांना साबण किंवा सॅनिटायझर लागलेले नसावे, हात नुसत्या पाण्याने ओले असावेत. बेडकाची कातडी श्वसनही करते आणि रसायने शोषूनही घेते. भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून विषारी द्रव येतो, म्हणून नंतर हात स्वच्छ धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत. खाचराकडे जाताना मोठे माणूस बरोबर हवे, पायांत गमबूट हवेत आणि हातात टॉर्च हवा. बेडकांमागे सापही येतात, आणि साचलेल्या पाण्यातून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते.

टबात अंडी आली नाहीत तरी प्रकल्प वाया जात नाही. रोज रात्री आठ वाजता दहा मिनिटे अंगणात उभे राहून बेडकांचे किती वेगवेगळे आवाज येतात ते लिहावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. सरळ बाजूच्या बाटलीला मोजपट्टी चिकटवून तिच्यात त्या दिवसाचा पाऊस मोजावा. दोन्ही आकडे एका आलेखावर मांडले की कोणती जात पहिल्या पावसात ओरडते आणि कोणती लावणीनंतरही ओरडत राहते, हे मुलालाच दिसू लागते. पनवेलच्या आसपास खाचरांवर भराव पडत असताना अशा नोंदींचे मोल वाढले आहे. जे खाचर यंदा आहे ते पुढच्या जूनमध्ये असेलच असे नाही, आणि तिथे कोणते बेडूक होते हे वहीतच राहील.

शिक्षकांना एक विनंती. प्रदर्शनाच्या टेबलावर जिवंत बेडूक मागू नये. फोटो, मोजमापांचा तक्ता, आवाजाचे मुद्रण आणि तारखा घातलेली वही, एवढ्यावरच गुण द्यावेत.