वारा मंदावला म्हणजे गॅस संपला असे नाही

एसीतून वारा कमी येऊ लागला की बहुतेक घरांत निष्कर्ष ठरलेला असतो : गॅस संपला. मेकॅनिकला फोन जातो तोही ‘गॅस चेक करायचाय’ अशाच शब्दांत. आज भिंतीवरच्या आतल्या युनिटकडे पाहू. वारा मंदावल्याच्या तक्रारीत गॅसचा विचार सर्वांत शेवटी व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. गारवा आणि वारा या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. गॅस तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरतो आणि कॉइल थंड करतो. खोलीतली हवा त्या कॉइलवरून ओढून परत खोलीत सोडणे हे ब्लोअरचे काम, आणि ब्लोअर फिरतो तो विजेच्या मोटरवर. गॅस अर्धा झाला तरी ती मोटर आपल्या वेगानेच फिरणार. म्हणून गॅस कमी असलेल्या एसीतून सुरुवातीला वारा भरपूर येतो, फक्त तो कोमट असतो.

याचा पडताळा घरीच घेता येतो. कंप्रेसर चालू होऊन पंधराएक मिनिटे झाली की वरून आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान साध्या थर्मामीटरने मोजावे. चांगल्या स्थितीतल्या एसीत हा फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सियस असतो. पावसाळ्यात तो कमी भरतो, कारण तेव्हा बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात जाते. वारा मंद असूनही हा फरक नेहमीइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर गॅस आपले काम करतो आहे. थोडी हवा कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते म्हणून ती अधिक गार होऊन बाहेर पडते. तरीही खोली थंड होत नाही, कारण ती गार हवा पुरेशी येतच नाही. हे मोजण्याआधी रिमोटही पाहून घ्यावा. ‘ड्राय’ मोडमध्ये पंखा मुद्दामच हळू फिरवला जातो.

मग हवा अडते कुठे? जाळी तुंबते हे सगळ्यांना माहीत असते आणि ती धुतलीही जाते. दुर्लक्ष होते ते तिच्यामागच्या ब्लोअरकडे. स्प्लिट एसीतला हा लांबट, नळकांड्यासारखा पंखा मूळचा पॉल मॉर्टिए यांचा, त्यांनी त्याचे पेटंट १८९३ मध्ये घेतले होते. त्याच्या परिघावर अरुंद, बाकदार पात्यांची रांग असते आणि हवा उचलली जाते ती त्या बाकामुळेच. जाळीतून निसटणारी बारीक धूळ नेमकी त्या बाकात बसते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ती ओली होऊन चिकटते, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकट धूरही तिच्यात मिसळतो. पात्याचा बाक भरून सपाट झाला की मोटर पूर्ण वेगाने फिरत राहते, पण हवा उचलली जात नाही. दर पंधरवड्याला जाळी धुणाऱ्या घरातही हा थर वर्षानुवर्षे साचू शकतो. मेन स्विच बंद करून बाहेर हवा सोडणाऱ्या फटीतून टॉर्च मारला की तो दिसतो. तो काढायला ओले फडके पुरत नाही, प्रेशर पंपाने ब्लोअर धुऊन घ्यावा लागतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : मागच्या वेळी गॅस भरला तेव्हा वारा सुधारला होता, त्याचे काय? अनुभव खरा असतो, पण त्याचे कारण दुसरे असू शकते. गॅस भरताना मेकॅनिक बहुधा सर्व्हिसिंगही करतो, म्हणजे जाळी, कॉइल आणि कधी कधी ब्लोअरही धुतला जातो. शिवाय काम चालू असताना एसी बराच वेळ बंद राहतो आणि कॉइलवर बर्फ धरला असेल तर तो वितळतो. या बर्फामुळेच आक्षेपात काही अंशी तथ्य आहे. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब घसरतो, तिचे तापमान शून्याखाली जाते, तिच्यावरचे पाणी गोठते आणि हवेची वाट बंद होते. म्हणजे गॅसमुळे वारा कमी होऊ शकतो, पण बर्फाच्या मार्गाने. अडचण अशी की जाळी किंवा ब्लोअर तुंबल्यानेही बर्फ धरतो. वेळेकडे लक्ष दिले तर बराच उलगडा होतो. सुरू केल्याच्या पहिल्या मिनिटापासून वारा मंद असेल तर दोष जाळी, ब्लोअर किंवा मोटरचा. सुरुवातीला जोरदार असलेला वारा तासा-दोन तासांनी मंदावत असेल तर बर्फाचा संशय घ्यावा. अशा वेळी कंप्रेसर न चालवता नुसत्या फॅन मोडवर बर्फ पूर्ण वितळू द्यावा, जाळी-ब्लोअर स्वच्छ करावेत आणि मगच पुन्हा एसी लावावा. त्यानंतरही बर्फ आला तर गॅसचा दाब तपासणे योग्य.

मोटरचे दोष मात्र मेकॅनिकवरच सोपवावेत. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत ब्लोअरचा छोटा कपॅसिटर कमजोर झाला की पंखा घुमतो पण वेग घेत नाही. सुटा भाग स्वस्त असतो, पण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार उरू शकतो, म्हणून घरी हात लावू नये. इन्व्हर्टर एसीत बहुधा बीएलडीसी मोटर असते. तिचा किंवा पीसीबीचा दोष असेल तर अनेकदा डिस्प्लेवर एरर कोड येतो, तो लिहून ठेवावा.

हे सारे मेकॅनिकचे काम, गिऱ्हाइकाने डोके का घालावे, असेही कुणी म्हणेल. पण ऐन मे महिन्यात दिवसभर घरे फिरणारा माणूस तक्रार ऐकूनच तपासाची दिशा ठरवतो. आपणच ‘गॅस’ म्हटले तर तो गॅसच तपासणार. बंद नळ्यांतला गॅस वापराने संपत नाही, कमी झाला तर तो गळालेला असतो. गळती तशीच ठेवून वर भरलेला गॅसही हवेतच जाणार. आज सर्रास वापरला जाणारा आर-३२ तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता वातावरणात धरतो, आर-४१०ए तर दोन हजार पटींहून अधिक.

तेव्हा पुढच्या वेळी फोन करताना वारा पहिल्यापासून मंद आहे की नंतर होतो, येणारी हवा गार आहे की कोमट, आणि ब्लोअर शेवटचा कधी धुतला, एवढे सांगा. गॅस भरायला होकार देण्यापूर्वी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा.