आसनाखालचे इंजिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तिरोडा तालुक्यातील बोदलकशाच्या तलावाकडे जाणाऱ्या रानवाटेवर ओम्नी किंवा ‘छोटा हत्ती’ दिसला, की त्याच्या चपट्या तोंडाकडे पाहून ‘याचे इंजिन आहे तरी कोठे?’ असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ते चालकाच्या बैठकीखाली असते, एवढे उत्तर मिळते खरे; परंतु त्यासोबत काही गैरसमजही रूढ झाले आहेत.

गैरसमज: दोन आसांच्या दरम्यान इंजिन आणि मागील चाकांना गती, ही शर्यतीच्या मोटारींची चैन आहे.

वस्तुस्थिती: शर्यतीत जी रचना तोल साधण्यासाठी योजतात, तीच १९८४ साली मारुती व्हॅनच्या, म्हणजे पुढे ओम्नी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या वाहनाच्या, रूपाने आपल्याकडे जागेच्या काटकसरीसाठी दाखल झाली, ७९६ सीसीचे इंजिन पुढील आसनांखाली गेल्याने नाकाची लांबी वाचली आणि साडेतीन मीटरही न भरणारी गाडी कुटुंबकबिला सामानासह वाहू लागली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या व २००५ साली पुण्यातून बाहेर पडलेल्या टाटा एसनेही, म्हणजे ‘छोटा हत्ती’नेही, मालवाहतुकीसाठी हाच हिशेब मांडला.

गैरसमज: गाडी बाहेरून आखूड, म्हणजे आतही अडचणच.

वस्तुस्थिती: २००९ साली विक्रीस आलेल्या टाटा नॅनोचे ६२४ सीसीचे इंजिन मागच्या बाजूस असून नाकात पेट्रोल भरण्याचे तोंड व स्टेपनी यांची तजवीज होती, मारुती ८०० पेक्षा ती सुमारे ८ टक्के आखूड, परंतु आतून २१ टक्के ऐसपैस असल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

गैरसमज: मागील चाके ढकलतात, तेव्हा गाडी चिखलात फसणार नाही.

वस्तुस्थिती: चढावर व भरल्या गाडीत भार मागे सरकून चाकांची पकड वाढते, हे खरे, परंतु रिकाम्या ओम्नीचा बराचसा भार पुढेच असल्याने तिची मागील चाके ओल्या मातीत जागच्या जागी फिरू लागतात.

गैरसमज: इंजिन नाकात नाही, म्हणून टक्कर झाल्यास ते अंगावर येण्याची भीती नाही, आणि गाडी अधिक सुरक्षित.

वस्तुस्थिती: मोटारीचे नाक चेपताना आघात स्वतः सोसते, तेच नसले, म्हणजे धक्का थेट चालकाच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचतो. मारुतीच्याच, त्याच घडणीच्या ईकोला २०१६ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत शून्य तारे मिळाले, आणि सुरक्षेचे नवे नियम लागू होताना २०१९ साली ओम्नीचे उत्पादन थांबले. वाचविलेल्या हातभर जागेचा जमाखर्च मांडताना ही खर्चाची बाजूही वहीत लिहावी लागते.