टिळकांची घाई, लक्ष्मीबाईंचा उशीर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ख्रिस्ती बांधवांच्या धर्मग्रंथातील एक शब्द मला फार दिवसांपासून आवडतो. तो शब्द म्हणजे 'शुभवर्तमान'. वर्तमान म्हणजे बातमी. आपल्याकडची जुनी माणसे भेटली की 'काय वर्तमान?' असे विचारायची. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही हाच आहे, चांगली बातमी. एका धर्माच्या गाभ्याला उपदेश म्हटले नाही, सिद्धांत म्हटले नाही, बातमी म्हटले. आता बातमीचा स्वभाव कसा असतो बघा. ती कानावर पडली की माणसाला बसून राहवत नाही, काहीतरी करावे लागते. आणि ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मुलगा पास झाला, तर पेढ्यांचा पुडा घरात ठेवून कोणी गप्प बसते का? ऐकल्याबरोबर उत्तर देणे आणि ते दुसऱ्याला सांगणे, या दोन गोष्टी ख्रिस्ती श्रद्धेत एवढ्या महत्त्वाच्या का, त्याचे मूळ या शब्दातच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात याचा नमुना सुरुवातीलाच येतो. गालील सरोवराच्या काठी शिमोन आणि अंद्रिया हे दोन कोळी भाऊ जाळे टाकत आहेत. येशू त्यांना माझ्यामागे या म्हणतो आणि ते जाळी तिथेच सोडून निघतात. थोडे पुढे याकोब आणि योहान, हे दोघे बापाबरोबर मचव्यात जाळी नीट करत बसले आहेत. तेही उठतात, मचवा सोडतात आणि बापालाही सोडतात. विचारायला एक रात्र नाही, घरी निरोप नाही. पुढच्या काही पानांवर शिमोनाची सासू तापाने पडलेली असते आणि येशू तिला बरी करतो. सासू होती म्हणजे बायको होती. नवरा जाळी टाकून निघून गेला त्या संध्याकाळी ती बायको काय म्हणाली असेल? चूल पेटली असेल का? शुभवर्तमानात याबद्दल एक अक्षर नाही. कविता करणाऱ्या माणसाला अशा रिकाम्या जागा स्वस्थ बसू देत नाहीत.

परंतु हे न लिहिलेले पान मराठीत लिहिले गेले आहे, आणि लिहिणारी बाई आपल्या नाशिकची आहे. मी ओझरला राहतो. इथून आग्रा रोडने नाशिक गाठले आणि शहर ओलांडून गंगापूरच्या बाजूला निघाले, की गोदाकाठी जलालपूर नावाचे लहान गाव लागते. तिथे १८६८ साली एका गोखल्यांच्या घरी लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर सोवळ्याओवळ्याचे भूत बसले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. शिवाशिवीच्या अशा धाकात वाढलेली ही मुलगी. तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी १८८० च्या सुमारास झाले.

टिळक १८६१ सालचे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. तरुणपणी ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. माणूस बुद्धिमान, शीघ्रकवी, रागीट आणि भटक्या. आज इथे नोकरी तर उद्या तिथे. धर्माचा शोध मात्र सतत चालू. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असणार. पण पुस्तक वाचायचे वचन दिले होते म्हणून पेन्सिल घेऊन खुणा करीत ते वाचू लागले. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते आले, आणि पुस्तक हातातून खाली ठेववेना. शत्रूवर प्रेम करा म्हणणाऱ्या त्या पानांनी त्यांना धरले ते कायमचे.

बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. तो भारतीय पाळकाच्या हातून व्हावा अशी टिळकांची इच्छा होती आणि तसाच झाला. आता कोणी हिशेब करील की आगगाडीतल्या भेटीपासून बाप्तिस्म्यापर्यंत दीड-दोन वर्षे गेली, मग ही घाई कसली? खरे आहे, कोळ्यांच्या मानाने टिळकांना उशीरच झाला. मधल्या काळात ते वाचत होते, मिशनरींशी पत्रव्यवहार करत होते, स्वतःशी भांडत होते. पण ज्या दिवशी ठरले त्या दिवशी त्यांनी मागे पाहिले नाही. आणि मागे कोण होते? सत्तावीस वर्षांच्या आतली बायको आणि लहानगा दत्तू. त्यांना बरोबर न घेता, तयार न करता, टिळकांनी पाऊल उचलले.

बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंची जी अवस्था झाली ती त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालणार नाही. सौभाग्य आहे, पण संसार नाही. नातलग आपल्या परीने जपत होते, आणि पहाराही ठेवत होते. लेकराला घेऊन पंढरपूरला आप्तांच्या आश्रयाने दिवस काढले. नवरा पत्रे लिहितोय, बोलावतोय, बायको रडतेय आणि जात नाही. या सगळ्यात बाईंची विनोदबुद्धी शाबूत राहिली, हे त्या पुस्तकाचे आश्चर्य आहे. स्वतःच्या फजितीवर त्यांच्याइतके मोकळे हसणारे मराठीत त्या काळात दुसरे कोणी मला आठवत नाही.

जवळपास पाच वर्षांनी त्या टिळकांकडे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहायला गेल्या. पण धर्म बदलून नव्हे. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, सोवळे वेगळे, पाण्याचे भांडे वेगळे. टिळकांनी, त्यांच्या बाजूने सांगायला हवे, सक्ती केली नाही. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला की ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांसारखी माणसांतही अंगावर काही खूण दिसली असती. ती तर दिसत नाही. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा १९०० साली झाला. म्हणजे आधी शिवाशिव सुटली आणि नंतर धर्म बदलला. नवऱ्याचा रस्ता पुस्तकातून गेला, बाईंचा पाण्याच्या भांड्यावरून.

मी मुसलमान घरातला. आमच्याकडेही हे दोन्ही नमुने आहेत. पैगंबर साहेबांवर पहिल्यांदा ईमान आणणाऱ्या हजरत खदीजा. आणि हजरत अबू बकर, ज्यांनी ऐकल्याबरोबर, जराही न अडखळता होकार दिला असे परंपरा सांगते. उलट हजरत उमर कित्येक वर्षे विरोधात. तलवार घेऊन निघालेले असताना वाटेत कळले की बहिणीनेच इस्लाम स्वीकारला आहे. तिच्या घरी जाऊन त्यांनी सूरह ताहाच्या आयती वाचल्या आणि ते पालटले. लहानपणी मौलवीसाहेब या गोष्टी सांगत, तेव्हा अबू बकर मोठे की उमर असा प्रश्न कोणी विचारला नाही. लवकर आलेला आणि उशिरा आलेला, दोघेही आलेलेच. पण उमरचे उत्तर त्यांच्या बहिणीच्या घरातून निघाले, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते. घरातल्या बाईने आधी काही पाहिलेले असते.

आता दुसऱ्या अंगाकडे येऊ, सांगण्याकडे. आमच्या ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ साली आला आणि त्याबरोबर देशभरची माणसे आली. वसाहतीत नाताळची फराळाची ताटे, ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचे अनारसे एकमेकांच्या दारात पोचत आले आहेत. आठवडे बाजारात एकदा एका तरुणाने माझ्या हातात पत्रक दिले. आजच निर्णय घ्या, उद्याची खात्री नाही, असा त्याचा आशय. हा आशय पौलाच्या पत्रातला आहे, म्हणजे त्या मुलाच्या दृष्टीने तो काही नवे सांगत नव्हता. मी पत्रक वाचले, घडी घालून खिशात ठेवले. मला त्याचा राग आला नाही. त्याच्याजवळ बातमी होती, तो ती सांगत होता. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचेही स्वातंत्र्य आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला तो असा, की आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नाही. सांगणे तुमच्या हातात, उत्तर त्याच्या. कायदेपंडित यावर अजून वाद घालतात, मला मात्र टिळकांच्या घरात ही वाटणी नीट झालेली दिसते.

या सांगण्याला नाशिकमध्ये मोठा इतिहास आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिकचा प्रवास करून परतताना वाटेतच पटकीने गेले. आपण रोज ज्या शरणपूर रोडने जातो, ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेली वस्ती. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट हा मुलगा पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याच्या हृदयाचे दफन करताना प्रार्थना या वेनराइटने वाचली. शेकडो मैल शव वाहून नेणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालला. नाशिकला शिकलेली आणखी काही मुले मोम्बासाजवळच्या फ्रीअर टाउनला जाऊन वसली. शुभवर्तमान आपल्याकडे आले एवढेच आपण बोलतो, नाशिकहून ते बाहेरही गेले.

टिळकांनी सांगण्याची रीत मात्र आपल्या मातीतली निवडली. परक्या चालींवर बसवलेली गाणी मराठी माणसाच्या ओठावर रुळत नाहीत, हे त्यांनी ओळखले. फादर स्टीफन्सनी १६१६ साली ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचून हा रस्ता आधीच दाखवला होता. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी त्याच शतकात 'योगसंग्राम' ओवीतच लिहिला. ओवीने कोणाची जात कधी विचारली नाही. टिळकांनी अभंग घेतला, कीर्तन घेतले, भजन घेतले. मराठी चर्चमधल्या गीतांत आजही त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी एवढी किंमत मोजली, त्यानेच बावीस वर्षांनी तो न घेतलेल्यांना शेजारी बसवले. मला वाटते, घरातल्या त्या पाच वर्षांनी त्यांना काही शिकवले असावे.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. लग्नानंतर नवऱ्याकडूनच वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई मागे राहिल्या. उतारवयात नाशिकला असताना त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत पुस्तकरूपाने आली. ज्या घरांत शुभवर्तमानाचे पुस्तक कधी उघडले गेले नसते, त्या घरांत ख्रिस्ताचे नाव या पुस्तकातून आदराने गेले. माझ्या वाचनातही ते तिथूनच आले. त्यात कुठे या, सामील व्हा अशी हाक नाही. टिळकांचे दोष लपवलेले नाहीत, स्वतःचे तर मुळीच नाहीत.

आणखी एक काम त्यांच्या हाती होते. येशूचे चरित्र मराठी महाकाव्यात गायचे म्हणून टिळकांनी 'ख्रिस्तायन' सुरू केले होते. अकराच्या आसपास अध्याय झाले आणि ते राहिले. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकला वारल्या. ग्रंथ १९३८ साली छापून निघाला, तो त्यांच्या दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी प्रसिद्ध केला.