भांगलणीची भाजी आता दारातल्या डब्यात

पेठ वडगावच्या शिवारात रोजगाराला जाणाऱ्या माय-भगिनींना हे वेगळं सांगायला नको. पूर्वी भांगलणीहून परत येताना ओटीत तांदुळजा, पाथरी, चिघळ असं काहीतरी असायचंच. मालकाच्या लेखी ते तण, आपल्या घरी ती रात्रीची भाजी. आता उसात तणनाशकाचा पंप फिरतो. भांगलणीचा रोजगार कमी झाला आणि ओटीतली भाजीही गेली. फवारलेल्या रानातला पाला कितीही तजेलदार दिसला तरी घरी आणू नका. नुसत्या धुण्याने ते औषध पूर्ण जात नाही.

ही भाजी गेल्याचा हिशेब अंगावर दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर महिलांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिना चढताना धाप लागते, भाकरी थापताना चक्कर येते, आणि आपण "कामाचा शीण" म्हणून सोडून देतो.

यावर उपाय म्हणून परसबाग सांगितली जाते. पण परसबागेला आधी परस लागतं! आपल्या वस्तीत घरामागे शेजाऱ्याची भिंत आणि पुढे गटार. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. डब्यातली भाजी हा त्या जमिनीच्या मागणीला पर्याय नव्हे. तरीही दाराशी दिवसातून तीन-चार तास ऊन येत असेल, तर पालेभाजी तिथे येते. टोमॅटो, मिरचीला मात्र पाच-सहा तास ऊन हवं.

तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, घमेलं, सिमेंटचं झाडून धुतलेलं पोतं, काहीही चालतं. पालेभाजीला वीतभर खोली पुरे. बुडाला चार-पाच भोकं हवीतच, नाहीतर मुळं कुजतात. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा मात्र कितीही धुतला तरी घेऊ नका. शेतावर राबणाऱ्या घरांत असे डबे पाण्याला, धान्यालाही वापरले जातात. ते आजच बंद करा. माती गटाराकडेची नको, जिथे जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथलीही नको. आपली काळी माती डब्यात दगडासारखी बसते, म्हणून दोन घमेली मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. वर उसाच्या पाचटाचा पातळ थर द्या, म्हणजे ओल टिकते. पाचट आपल्याकडे फुकट मिळतं.

सुरुवात माठाने किंवा तांदुळज्याने करा. उन्हाळ्यातही तग धरणारी ही भाजी आहे. बी बारीक असतं, मूठभर वाळूत मिसळून पेरा आणि वर मातीची चिमूट टाका. महिन्याभरात खुडता येते. मुळासकट उपटू नका. बोटभर बुडखा ठेवून कापली की पुन्हा फुटते. दिवाळीनंतर मेथी, कोथिंबीर, पालक. मेथीचं बी विकत आणायची गरज नाही, फोडणीच्या डब्यातली मेथी उगवते. धने हलकेच रगडून दोन फाकी करून पेरा. जूनमध्ये दोडका, कारलं लावून वेल सुतळीवरून छपरावर चढवा. पत्रा थोडा थंड राहतो, हा वरचा फायदा. मार्च ते मे डबे पत्र्यावर ठेवू नका, मुळं भाजतात. दुपारी जुन्या लुगड्याची सावली करा.

नळाला पाणी एक दिवसाआड येत असलं, तरी तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी असतंच. ते डब्यात ओता. साबण-सोड्याचं पाणी नको. मावा पडला तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, साबणाचा थोडा फेस मिसळून संध्याकाळी फवारा. कोंबड्यांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करावा, जुनी मच्छरदाणी बरी पडते.

जागा असेल तर वस्तीच्या किंवा विहाराच्या आवारात शेवगा लावा. मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की फुटते. आपण शेंगा आमटीत टाकतो आणि पाला शेळीला देतो, खरं तर पाला पोरांच्या ताटात हवा. त्यात लोह आहे आणि डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्वही.

पण भलत्या आशेवर राहू नका. शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात लोह साधारण साडेचार मिलिग्रॅम आणि प्रौढ बाईला दिवसाला लागतं २९. शिवाय पाल्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. आणि ज्यांचं रक्त कमी आहे, विशेषतः गरोदर बहिणी आणि वयात आलेल्या मुली, त्यांनी आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या भाजी पिकते म्हणून थांबवू नयेत. गोळ्यांनी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, फेकून देऊ नका. वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. घरात वाटणीला शेवटी बसणारी बाईच असते, तेव्हा भाजीची पहिली वाढणी तिच्या ताटात पडते का, हे घरातल्या पुरुषांनी पाहावं.

डब्याखाली थाळी ठेवत असाल तर तिच्यातलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून थाळी घासून घ्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि ती थाळीच्या कडेला चिकटून राहतात.